दुष्काळाची बातमी

करमाळा तालुक्यांतील एखाद्या वाडीची विहीर फाल्गुनांतच आटली, तर ती आटल्याचें मुंबईस कळतें कसें? प्रश्न दिसतो साधा. पण वर्तमानपत्र ही संस्था समाजाच्या कोणत्या उपयोगाची आहे, याचें उत्तर पुष्कळसें त्यांतच दडलेलें आहे.

बातमी जाण्याचा एक मार्ग सरकारी आहे. तलाठी तहसीलदारास कळवितो, तहसीलदार जिल्हाधिकाऱ्यास, आणि जिल्हाधिकारी वरिष्ठांस. पिकाची आणेवारी निघते. नाणें बदलल्यापासून तिला पैसेवारी म्हणूं लागले. ती ५० पैशांच्या खालीं उतरली म्हणजे सवलतींचा विचार सुरू व्हावा, असा महाराष्ट्रांतील दीर्घकाळचा परिपाठ. हा मार्ग पक्का खरा. परंतु त्याला एक जन्मजात खोड आहे. खालून वर जातांना प्रत्येक पायरीवर बातमी थोडी थोडी सौम्य होत जाते, कारण आपल्या हद्दींत सारें ठीक चाललें आहे असें दाखविण्यांत प्रत्येक पायरीचें हित असतें. दुसरा मार्ग वर्तमानपत्राचा. तो कच्चा आहे. त्यांत अतिशयोक्ति असते, चुका असतात, क्वचित् कोणाचें वैरहि असतें. पण तो पायऱ्या चढत बसत नाहीं. वाडींत जें घडलें तें एकदम चव्हाट्यावर येतें, आणि वरचा अधिकारी व रस्त्यावरचा मनुष्य तें एकाच सकाळीं वाचतो. या दुसऱ्या मार्गाची खरी परीक्षा सभा-संमेलनांच्या वृत्तांतांत होत नाहीं. ती दुष्काळांत होते.

करमाळा हा सोलापूर जिल्ह्याचा उत्तरेकडील तालुका. पश्चिमेस भीमा, पूर्वेस सीना, आणि मधें पावसानें वर्षानुवर्षें हुलकावणी दिलेलें माळरान. रावरंभा निंबाळकरांच्या घराण्यानें येथें किल्ला उभारला; कमलाभवानीचें देवालय आजहि दूरवरच्या यात्रेकरूंस बोलावतें. आगगाडी मात्र गांवास शिवली नाहीं. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला, तो ११ मैलांवरील जेऊरवरून. पूर्वेच्या शिवेपलीकडे परांड्याकडील मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. अशा कोपऱ्यांतल्या तालुक्याची हांक बाहेर ऐकूं जाणें मुळांतच अवघड. वैभवाच्या काळांत त्यानें फारसें बिघडत नाहीं; रब्बीची ज्वारी वाळून गेली म्हणजे मात्र त्याच एका गोष्टीवर माणसांचे प्राण अवलंबून राहतात.

१८७६ सालीं दक्षिणेंत पाऊस फिरकला नाहीं, तेव्हां सर्वांत आधीं व सर्वांत अधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होतें. मराठी वर्तमानपत्रास तोंवर चाळीसांवर वर्षें होऊन गेलीं होतीं. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत निघालें. शेजारच्या अहमदनगरास १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ होतें. पुण्यास १८४९ पासून ‘ज्ञानप्रकाश’. पण या पत्रांचे डोळे शहरांत होते. तालुक्यांतील खबर आणून देणारा मनुष्य त्यांच्यापाशीं बेताचाच. ही उणीव त्या वर्षीं भरून काढली ती एका वर्तमानपत्रानें नव्हे, तर १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि त्यांच्या पाठीशीं उभे असलेले महादेव गोविंद रानडे, यांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतून पत्रलेखक जोडले. पाऊस किती पडला, धान्याचा भाव काय, गुरें किती मेलीं, किती कुटुंबें गांव सोडून गेलीं, सरकारी कामावर मजुरी काय मिळते, अशी माहिती पत्रांनीं मागविली गेली. तिचीं इतिवृत्तें तयार होऊन सरकारकडे गेलीं आणि लोकांपुढेंहि आलीं. आज ज्यास वार्ताहरांचें जाळें म्हणतात तें महाराष्ट्रांत असें विणलें गेलें. त्याचा पहिला धागा राजकारणाचा नव्हता. धान्याच्या भावाचा होता.

त्या जाळ्याचा उपयोग लवकरच दिसला. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यावरून दुष्काळी कामावरील मजुरी उतरविण्यांत आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं हें मान्य न करतां कामें सोडून दिलीं. सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलली. मजूर उपाशीं राहून काम सोडतात याचा अर्थ ते आळशी आहेत, असा कागदी युक्तिवाद करणाऱ्यांपुढें तिनें भावांचे आंकडे आणि मजुरीचा हिशोब ठेवला. आंकड्यास आंकड्यानेंच उत्तर द्यावें लागतें, शापानें नव्हे, हें त्या काळच्या सुशिक्षितांना फार लवकर उमगलें होतें असें दिसतें.

सरकारास हें रुचलें नाहीं. १८७८ च्या मार्चमध्यें लॉर्ड लिटन यांनीं देशी भाषांतील पत्रांपुरता वेगळा कायदा केला. छापखानेवाल्याकडून जामीन घ्यावा, अपराध ठरविला तर छापखाना जप्त करावा, आणि त्यावर न्यायालयांत दाद नसावी, असा त्याचा रोंख होता. इंग्रजी पत्रांस तो लागू नव्हता. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत तो गेला. पण एक दुसरी, कमी गाजलेली व्यवस्था मात्र कितीतरी वर्षें चालू राहिली, आणि ती अधिक मनोरंजक आहे. मुंबई सरकारचा एक भाषांतरकार दर आठवड्यास देशी पत्रें वाचून त्यांतील उताऱ्यांचा इंग्रजी गोषवारा करी व तो वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढें जाई. सोलापूरच्या ‘कल्पतरू’सारख्या मफसल साप्ताहिकाचाहि त्यांत समावेश असे. जें पत्र गांवांतील शहाण्यांनीं हंसण्यावारी न्यावें, तें सचिवालयांत काळजीपूर्वक वाचलें जात होतें! लहान पत्राचें सामर्थ्य त्याच्या खपावर मोजूं नये, तें कोणास वाचावें लागतें यावर मोजावें. निदान त्या काळच्या सरकारचें तरी असेंच मत असावें.

१८९६ मध्यें पुन्हां दुष्काळ पडला. मधल्या काळांत एक मोठी गोष्ट घडली होती: १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांतीं दुष्काळाची संहिता तयार झाली होती. दुष्काळ पडला असतां कोणत्या अधिकाऱ्यानें काय करावें, कामें केव्हां काढावीं, मजुरी कशी ठरवावी, अपंगांस अन्न कसें द्यावें, सारा केव्हां तहकूब करावा, हें सारें तींत लिहिलेलें होतें. परंतु तें इंग्रजींत, सरकारी कपाटांत. बाळ गंगाधर टिळकांच्या ‘केसरी’नें त्या नियमांचा अर्थ मराठींत मांडला, आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनीं तो खेड्यापाड्यांत नेला. नियमाप्रमाणें जें मिळावयास हवें तें मागा. तें मागणें हा गुन्हा नव्हे, एवढाच त्याचा आशय. सोलापुरांत त्या वेळीं हातमागाचे विणकर उपाशीं पडले होते. ज्या हातांनीं सूत धरावयाचें त्यांनीं खडी फोडली तर ते हात पुन्हां मागावर चालत नाहींत. टिळकांनीं सोलापुरास जाऊन स्थानिक व्यापाऱ्यांच्या साह्यानें विणकरांस त्यांच्याच धंद्यांत काम देण्याची योजना आंखली. सरकारनें ती स्वीकारली नाहीं. उलट १८९७ मध्यें सार्वजनिक सभेशीं असलेला अधिकृत पत्रव्यवहारच बंद केला, आणि त्याच वर्षीं टिळकांस ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखालीं १८ महिन्यांची शिक्षा झाली.

त्या खटल्यानें ‘केसरी’चे जळजळीत लेख इतिहासांत अमर झाले. तथापि दुष्काळी माणसाच्या दृष्टीनें पाहतां त्या वर्षांतील सर्वांत मोलाचें लेखन तें नव्हे. सरकारचा नियम सरकारच्या प्रजेस तिच्या भाषेंत समजावून देणारे रूक्ष, वक्तृत्वहीन रकाने हेंच तें लेखन. त्यांत एकहि टाळीचें वाक्य नसेल. पण मामलेदाराच्या दारांत उभा राहिलेला शेतकरी त्यामुळें याचक राहिला नाहीं. शिवाय हे रकाने वाचणारे थोडे असले तरी ऐकणारे पुष्कळ होते. गांवांत अंक एकच येई, आणि तो चावडीवर, देवळाच्या ओट्यावर किंवा वाण्याच्या दुकानांत कोणीतरी मोठ्यानें वाचून दाखवी. आकाशवाणी येण्यापूर्वींची मराठी मुलुखांतली ही आकाशवाणीच म्हणावयाची.

तरीसुद्धां ओट्यावर बसून ऐकणारे कोण, हें विचारल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. विहिरीचें पाणी कमी होतें तेव्हां तें सर्वांस सारखें कमी होत नाहीं. ज्यास विहिरीवर शेवटीं जागा आहे, किंवा जागाच नाहीं, त्याच्या घागरीपर्यंत टंचाई महिनाभर आधीं येऊन पोंचलेली असते. १८७७ च्या मे महिन्यांत जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनीं धनकवडीच्या दुष्काळग्रस्त मुलांसाठीं लोकांस आवाहन केलें. त्याच वर्षीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ काढलें, तें शेतकरी व कष्टकरी यांचें गाऱ्हाणें पुण्याच्या प्रतिष्ठित पत्रांतून येत नाहीं म्हणून. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनीं १९१० पासून ‘दीनमित्र’ चालविलें. तें अहमदनगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांतील तरवडी या खेड्यांतून निघे, आणि १९६७ पर्यंत निघत राहिलें. खेड्यांत खिळे जुळवावयाचे, खेड्यांत छापावयाचें, आणि टपालानें गांवोगांव पाठवावयाचें. शहरांतील संपादकांनीं अशक्य म्हणून सोडून दिलेली ही गोष्ट एका माणसानें अर्धें शतक करून दाखविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ सुरू केलें, त्यास शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साह्य दिलें. आणि त्याची जाहिरात रीतसर पैसे देऊनहि छापण्यास ‘केसरी’नें नकार दिला. ज्या पत्रानें दुष्काळांत नियम समजावून दिले, त्याच पत्राची ही दुसरी बाजू. वर्तमानपत्र समाजाचा आरसा आहे असें म्हणण्याची पद्धत आहे. परंतु आरसा कोणाच्या घरांत टांगला आहे यावर त्यांत कोण दिसणार हें ठरतें.

बातमी बंद झाली म्हणजे काय होतें, तें सोलापूर शहरानें १९३० मध्यें अनुभवलें. ८ मे रोजीं गोळीबार झाला, त्यानंतर लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनच्या अखेरपर्यंत चालला. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांस शिक्षा झाली. ज्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें, त्यांतील कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे चालक होते. इतर तिघे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा. जिल्ह्याच्या गांवींच छपाईचें यंत्र धाकांत असतां तालुक्याच्या वाटा अफवांनीं भरून जातात, यांत नवल तें काय?

याहून भयंकर उदाहरण बंगालचें. १९४३ सालीं तेथें वीस ते तीस लक्ष माणसें मेलीं असा अंदाज आहे. युद्धकाळ होता, बातम्यांवर नियंत्रण होतें, आणि दुष्काळ हा शब्द उच्चारण्यास सरकार तयार नव्हतें. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ या इंग्रजांच्याच मालकीच्या पत्राचे संपादक इयन स्टीफन्स यांनीं २२ ऑगस्ट रोजीं रस्त्यांत मरून पडलेल्या माणसांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां जगास आणि विलायतेस ही गोष्ट नाकारणें अशक्य झालें. त्या वेळीं बंगालमध्यें नऊ वर्षांचे असलेले अमर्त्य सेन पुढें अर्थशास्त्रज्ञ झाले व १९९८ मध्यें नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे: जेथें निवडणुका होतात व वर्तमानपत्रें बऱ्यापैकीं स्वतंत्र असतात, तेथें मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाहीं. कारण सरकारास वेळेवर कळतें, आणि कळूनहि स्वस्थ बसल्यास पुढील निवडणुकींत किंमत मोजावी लागते. चीनमध्यें १९५८ ते १९६१ या काळांत कोट्यवधि लोक मेले, तेथें हीं दोन्ही साधनें नव्हतीं.

या सिद्धान्ताची मोठी कसोटी महाराष्ट्रांतच लागली. १९७२-७३ च्या दुष्काळांत सोलापूर, अहमदनगर, बीड हे जिल्हे ओसाड पडले. धान्याचें उत्पन्न कमालीचें घटलें. पण १८७६ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, खडी अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यांत जवळजवळ पन्नास लक्ष मजूर होते. कामाला आणि सुकडीला विलंब होई, हजेरीपटांत घोटाळे होत, मजुरी रखडे. या गोष्टी विधानसभेंत गाजत, मोर्चे निघत, आणि दुसऱ्या दिवशीं त्या छापून येत. त्यांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमीची योजना घट्ट झाली, १९७७ मध्यें तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या देशव्यापी कायद्यानें तोच मार्ग धरला. येथें श्रेय एकट्या वर्तमानपत्रांस देणें हास्यास्पद होईल. मजुरांच्या संघटना नसत्या, विरोधी पक्ष नसता, तर छापील कागदाचा उपयोग पुडी बांधण्यापलीकडे फारसा झाला नसता.

सेन यांनीं या सिद्धान्ताची मर्यादाहि सांगून ठेवली आहे, ती मात्र कमी वेळां उद्धृत होते. वर्तमानपत्र भूकबळी थांबवितें. अर्धपोट थांबवीत नाहीं. एकदम कोसळणारें संकट ही बातमी होते. रोज थोडें थोडें झिजणें ही होत नाहीं. पी. साईनाथ यांनीं १९९६ मधील आपल्या पुस्तकास जें नांव दिलें, त्याचें मराठी रूप ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ असें झालें. त्या नांवांतील कडवटपणा येथूनच आला आहे.

आजचें करमाळें याच मर्यादेवर उभें आहे. १९८० मध्यें भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें. तालुक्याच्या पश्चिम अंगास अथांग पाणी पसरलें, तेथील गांवें उठलीं व नवीं वसलीं. पूर्व अंगास मात्र उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणें चुकलें नाहीं. एकाच तालुक्यांत ऊंस आणि टँकर शेजारीं शेजारीं नांदतात. ऑक्टोबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत करमाळा होता. २०२४ च्या मे महिन्यांत कुगांवाहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी नाव वादळी वाऱ्यांत उजनीच्या पाण्यांत उलटून ६ जण बुडाले, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रानें कुगांवाचें नांव ऐकलें. त्या पाण्यावरून माणसें वर्षानुवर्षें नावेंतून जात होतीं, ही गोष्ट त्याच्या आदल्या दिवशींहि तितकीच खरी होती; पण ती बातमी नव्हती.

ती बातमी व्हावी तर ती देणार कोण? तालुक्याचा बातमीदार. त्याची स्थिति शहरांतील सुशिक्षित घरांस क्वचितच ठाऊक असते. त्यास बहुधा नियमित पगार नसतो. मानधन मिळालें तर तें नांवापुरतें. पुष्कळदां तोच अंकांचा विक्रेता, तोच जाहिरात मिळवून देणारा. त्याची मिळकत जाहिरातीच्या दलालींतून येते, आणि तालुक्याच्या गांवीं जाहिरात देणारे कोण? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, साखर कारखाना, पतपेढी, शाळा चालविणाऱ्या संस्था. ज्यांच्याबद्दल लिहावयाचें तेच अन्नदाते. उसाचें बिल थकलें ही बातमी त्यानें द्यावी, आणि त्याच आठवड्यांत त्याच दारांत दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठीं उभें राहावें, अशी ही कसरत आहे. हल्ला झाल्यास संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्रानें २०१७ मध्यें संमत केला. या आर्थिक कोंडीस कोणताच कायदा पुरा पडत नाहीं. इतकें असूनहि टंचाईच्या दिवसांत वाडीवर मोटारसायकल घेऊन जाणारा पहिला बाहेरचा मनुष्य अनेकदां तोच असतो, हें त्याच्या पदरांत घातलेंच पाहिजे.

दुसरी अडचण अधिक नवी आहे, आणि ती भरभराटींतून आली आहे. पूर्वीं पत्राची आवृत्ति एकच असे. करमाळ्याचें पत्र छापलें गेलें तर तें पुण्यांत, रत्नागिरींत, मुंबईंत एकदमच वाचलें जाई. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठ्या मराठी दैनिकांनीं जिल्हावार आवृत्त्या आणि तालुकावार पानें काढलीं. करमाळ्याच्या वांट्यास पूर्वीं कधीं नव्हती इतकी जागा आली. परंतु ती जागा करमाळ्यांतच वाचली जाते. आपली विहीर आटली आहे हें तेथील लोकांस वर्तमानपत्रांत वाचण्याची गरज नसते. ज्यास तें कळावयास हवें, त्याच्या पानावर दुसऱ्याच शहरांतील खड्डे असतात. बातमी वाढली आणि तिचा पल्ला घटला, असा हा विचित्र व्यापार.

हातांतल्या दूरध्वनीनें हा पल्ला पुन्हां वाढविला, असें कोणी म्हणेल. कांहीं अंशीं तें खरें आहे. टँकरभोंवतीं उसळलेल्या घागरींचें चित्र क्षणांत पुण्यास पोंचतें. पण तें कोणत्या गांवचें, कोणत्या वर्षाचें, हें त्या चित्रावर लिहिलेलें नसतें, आणि अधिकाऱ्यास तें जुनें म्हणून बाजूस सारतां येतें. सार्वजनिक सभेच्या पत्रलेखकांनीं १८७६ मध्यें जें विचारलें, तेंच आजच्या बातमीदारास विचारावें लागतें: गांव कोणतें, लोकसंख्या किती, मंजूर खेपा किती, प्रत्यक्ष आलेल्या किती, टँकर कोठें भरला, कोणत्या वस्तीपर्यंत गेला आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडे परतला. टँकरच्या खेपांची नोंदवही असते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें ती मागतां येते; साध्या अर्जावर दहा रुपयांचा शिक्का लावावा लागतो.